ट्रॅकवरून घरी परतणारी गाडी

बैलगाडा शर्यतीसाठी जोडी सांभाळणारा शेतकरी ते बैल सहसा औताला जुंपत नाही. त्यांचा खुराक वेगळा, सराव वेगळा, आणि शर्यतीच्या घाटापर्यंतही ते टेम्पोतून जातात. नांगराची जोडी दावणीला निराळी असते. मोटारींच्या शर्यतीतही हाच रिवाज आहे. शर्यतीची गाडी ट्रेलरवरून येते, ट्रेलरवरून जाते, आणि रस्त्याचा नंबर तिला असतोच असे नाही. ट्रॅक डेला जाणारा हौशी नोकरदार मात्र एकाच बैलाकडून दोन्ही कामे मागतो. शनिवारी-रविवारी सर्किटवर जी गाडी जीव तोडून पळवायची, तिनेच सोमवारी ऑफिसला न्यायचे, आणि दिवाळीत घरच्यांना घेऊन गावीही जायचे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे बक्षीस नसते, नंबर काढत नाहीत. शुल्क भरायचे, हेल्मेट घालायचे, आपल्या तुकडीची पाळी आली की पंधरा-वीस मिनिटे फेऱ्या मारायच्या आणि गाडीला व स्वतःला गार होऊ द्यायचे. अशा माणसाने बेताच्या पैशांत कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच अश्वशक्तीवर जाते: दहा लाखांत सर्वांत जास्त ताकद कुठे मिळते? मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. जिची मर्यादा गाठणे, ती वारंवार ओलांडणे आणि तरीही तिच्यातूनच घरी परतणे आपल्या खिशाला झेपते, ती गाडी घ्यावी. या कसोटीवर हलकी, साधी, कमी ताकदीची हॅचबॅक भल्याभल्या गाड्यांना मागे टाकते, असे माझे म्हणणे आहे.

परतण्याची अट किती कडक आहे, हे आधी भूगोलच सांगतो. भारतात पूर्ण लांबीची सर्किटे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात, इरुंगट्टुकोट्टईचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. ३.७ किलोमीटरचे हे सर्किट १९९० पासून चालू आहे. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाच्या ५.१ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. पुण्याचा माणूस श्रीपेरुंबुदूरला जायचे म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे जाताना साडेअकराशेच्या आसपास आणि येताना तितकेच किलोमीटर असतात. ट्रॅकवर दिवसभरात शंभर-दीडशे किलोमीटर झाले तरी खूप. म्हणजे त्या सहलीत गाडी जेवढी ट्रॅकवर पळते त्याच्या पंधरापट, कदाचित वीसपट ती महामार्गावर पळते: ट्रकांच्या रांगांतून, टोलनाक्यांवरून, कर्नाटकातल्या पावसातून. ट्रॅकसाठी म्हणून जिला दगडासारखे स्प्रिंग बसवले, आतली आसने काढली, सायलेन्सर बदलून कान किटतील असा आवाज केला, ती गाडी हे अंतर कापेलही, पण चालवणारा दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरेल तो आंबलेल्या अंगाने. आणि ब्रेक, क्लच किंवा इंजिनाने तिथे हात टेकले, तर फ्लॅटबेडवरून गाडी घरी आणण्याचा खर्च पुढच्या दोन ट्रॅक डेंच्या शुल्काला गिळून टाकतो.

भूगोलाच्या जोडीला कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ नोंदवलेल्या तपशिलांशी आरसी बुक जुळणार नाही असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. म्हणजे स्वस्त गाडी घेऊन तिच्यात मोठे इंजिन बसवायचे, हा परदेशी मासिकांतून दिसणारा मार्ग इथे मुळातच बंद आहे. दुसरी गोष्ट विम्याची. आपल्याकडच्या खासगी मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि संघटित शर्यत व वेगाची चाचणी हे वापर त्यातून स्पष्ट वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, पण विमा कंपनी तो मान्य करील या भरवशावर कुणी गाडी भिंतीजवळून काढू नये. ट्रॅकवर गाडी आपटली तर ती आपल्याच पैशाने आपटली, असे धरून चालणेच शहाणपणाचे. ‘परवडणारी गाडी’ या शब्दाचा अर्थ इथे बदलतो. जिचा हप्ता परवडतो ती गाडी शोरूममध्ये परवडणारी असते. ट्रॅकवर परवडणारी गाडी म्हणजे जी गमावणे परवडते ती.

आता ट्रॅकवर नेमके काय खर्ची पडते ते पाहू. पेट्रोल जळते हे सगळ्यांना दिसते. रस्त्यावर लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज तिथे निम्म्याच्याही खाली येते. पण खरा खर्च चाकांपाशी असतो. १,००० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणायची तर सुमारे ८५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हवेचा थोडा वाटा सोडला तर ती ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत माठातले पावणेतीन लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापते, आणि इथे ती चार-पाच सेकंदांत तयार होते. गाडी १,६०० किलोची असेल तर हाच आकडा १,३५० च्या पुढे जातो, म्हणजे सव्वाचार लिटर पाणी. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जास्त ताकदीच्या गाडीने सरळ पट्ट्याच्या शेवटी १४० ऐवजी १६० गाठले तर वेग फक्त चौदा टक्के वाढला, पण ब्रेकवरचा बोजा तीस टक्क्यांहून जास्त. एका लॅपला असे जोरदार ब्रेक तीन-चार ठिकाणी लागतात आणि एका पाळीत सहा-सात लॅप होतात. ताकद आणि वजन दोन्ही वाढले की मोठ्या डिस्क, महाग पॅड आणि रुंद टायर ही चैन राहत नाही, ती गरज होते, आणि दर ट्रॅक डेला पुन्हा भागवावी लागते.

ब्रेक ऑइलचेच पाहा. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषून घेते, आणि ठरावीक प्रमाणात पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. मुंबई-कोकणातले दोन पावसाळे काढलेली गाडी ट्रॅकवर गेली की काय होते ते यावरून समजावे. तिसऱ्या-चौथ्या लॅपपर्यंत सगळे ठीक असते. मग पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली जाते. पुढच्या लॅपला ते स्पंजावर पाय ठेवल्यासारखे लागते. नळीतल्या ऑइलला उकळी फुटून वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर ब्रेकपर्यंत पोचण्याआधी त्या बुडबुड्यांतच जिरतो. एरवी सिग्नलला गाडी व्यवस्थित थांबत असल्याने मालकाला याची कल्पनाच नसते. यावरचा उपाय ताजे ऑइल आणि बरे पॅड इतका साधा आहे. मात्र हलक्या गाडीला तो पुरतो, आणि जड गाडीसाठी ती फक्त सुरुवात ठरते.

वजनाच्या बाजूने आणखी एक पुरावा वळणावर मिळतो. वळणावर गाडी किती वेगाने जाऊ शकते हे टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या ठरवते. पन्नास मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर, पकडीचा गुणांक ०.९ धरला तर मर्यादा ताशी पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास येते. या हिशेबात अश्वशक्ती येतच नाही आणि वजन दोन्ही बाजूंनी कटते. प्रत्यक्षात टायरवरचा भार वाढला की त्या प्रमाणात पकड वाढत नाही, त्यामुळे सारख्या टायरवर हलकी गाडी थोडी फायद्यातच राहते. म्हणजे ताकदवान गाडीला मिळणारी आघाडी सगळी सरळ पट्ट्यावरची, जिथे चालकाने उजवा पाय दाबून धरण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. जिथे कौशल्य लागते, म्हणजे ब्रेक कुठे सोडायचा, स्टिअरिंग केव्हा वळवायचे, वळणाच्या आतल्या कडेला कुठे भिडायचे, तिथे सहा लाखांची आणि सोळा लाखांची गाडी जवळपास एका रेषेत उभ्या असतात. २०१८ मध्ये आलेली पेट्रोल स्विफ्ट ८५५ ते ८८० किलोची, १.२ लिटर इंजिनाची, ८३ अश्वशक्तीची. तिच्या टायरचा एक नेहमीचा आकार १८५/६५ आर १५. हा टायर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. तिचे पॅड आणि डिस्क नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, आणि कुठल्याही गॅरेजमधला फिटर ते जेवणाच्या सुट्टीआधी बदलून देतो. हजार किलोमीटर दूर गेलेल्या माणसासाठी हा गुण शंभर अश्वशक्तीपेक्षा मोलाचा आहे.

छोट्या इंजिनावर खरे काही शिकता येते का, ही शंका असेल तर आपल्याच देशाचा इतिहास पुरावा देतो. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती ही एका आसनाची शर्यतीची गाडी उभी केली. तिच्यात इंजिन होते मारुती ८०० चे, म्हणजे तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, जे तेव्हा घरोघरी भाजी आणायला जात होते. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याची कारकीर्द याच गाड्यांवरून सुरू झाली. ज्या कारी स्पीडवेचा वर उल्लेख आला तो करिवर्धन यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे फॉर्म्युला एलजीबीच्या गाड्याही मारुतीच्याच १.३ लिटर इंजिनावर धावल्या. इंजिन स्वस्त असल्यामुळे ते वाचवत बसावे लागले नाही, आणि पोरांना फेऱ्या भरपूर मारता आल्या. परदेशातही हौशी चालकांचा कल याहून फार निराळा नाही. १९८९ मध्ये आलेली माझ्दा एमएक्स-५ हजार किलोहून हलकी होती आणि तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास होती. ब्रिटन-अमेरिकेत ट्रॅक डेसाठी नवख्याला आजही आधी तिचेच नाव सुचवले जाते, आणि एप्रिल २०१६ मध्ये तिच्या दशलक्षाव्या प्रतीचे उत्पादन झाले. तिथल्या लोकांना ताकदीच्या गाड्या मिळत नव्हत्या म्हणून त्यांनी ती घेतली असे नाही. टायर आणि ब्रेक न खाता दिवसभर पळणारी गाडी त्यांना हवी होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ८३ अश्वशक्तीत मजा ती काय? दोन ट्रॅक डेंत कंटाळा येईल, मग पुन्हा मोठी गाडी घ्यावीच लागेल, तर आधीच का घेऊ नये? या आक्षेपात तथ्य आहे, आणि बुद्ध सर्किटच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर छोटी गाडी चालवणाऱ्याला ते जाणवतेही. पण कंटाळा कशाचा येतो हे पाहायला हवे. कमी ताकदीच्या गाडीत वळणावर घालवलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो. ताशी पाच किलोमीटर उगाच कमी केले, तर त्याची शिक्षा पुढचा पट्टा संपेपर्यंत भोगावी लागते. ताकदवान गाडी ही चूक उजव्या पायाने झाकून टाकते, आणि चालकाला ती चूक झाली हे कळतही नाही. दर लॅपला आपली चूक लगेच दाखवणाऱ्या गाडीचा कंटाळा सहसा त्यालाच येतो, ज्याला शिकण्यापेक्षा मागे टाकण्यात रस असतो. आय२० एन लाइनची किंवा अल्ट्रोझ रेसरची १२० अश्वशक्ती निश्चितच आकर्षक आहे. पण टर्बो इंजिनात दाबलेली हवा तापते. चेन्नईच्या दुपारी इंटरकूलर ती पुरेशी थंड करू शकला नाही, तर इंजिनाचा संगणक स्वतःला सांभाळण्यासाठी ताकद आवरती घेतो. ज्या ताकदीचे जादा पैसे मोजले ती दुपारच्या पाळीत पूर्ण हाती येईलच असे नाही. त्या गाड्या वाईट आहेत असे यातून निघत नाही. एवढेच निघते की कागदावरचे आकडे सकाळच्या पहिल्या तीन लॅपचे असतात.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. पुढची चाके ओढणारी गाडी मूळ शिक्षण देत नाही, मागच्या चाकांची घ्यावी, आणि सेकंड हँड बाजारात जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते, असे ते म्हणतात. मागच्या चाकांच्या गाडीचा तोल वेगळा आणि सुंदर असतो, हे मान्य. पुढच्या टायरांवर वळण्याचा आणि ओढण्याचा असा दुहेरी बोजा पडत नाही, हेही खरे. आपल्याकडे एमएक्स-५ सारखी हलकी, मागच्या चाकांची गाडी बाजारात असती तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता. पण ती नाही. जी मिळते ती दीड टनाच्या घरातली, मोठ्या ब्रेकची, महागड्या सुट्या भागांची सेडान. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. विकत घेतानाची किंमत घसरलेली असते, सुट्या भागांची नाही. आणि पुढच्या चाकांची गाडीही बरेच शिकवते. घाईने गॅस दिला की ती नाक बाहेर काढते आणि चालकाला थांबायला लावते. वळणात पाय अचानक उचलला की मागची बाजू हलकी होऊन सरकू पाहते. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरले की पुढच्या टायरांवर भार राहून ती अलगद वळते. वजन पुढे-मागे कसे सरकते, हा ट्रॅकवरचा मुख्य धडा, आणि तो शिकण्यासाठी इंजिनाची ताकद कुठल्या चाकांकडे जाते याने फारसे अडत नाही. उलट आपल्या रस्त्यांवर ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक याच धाटणीच्या, त्यामुळे ट्रॅकवर शिकलेले सोमवारच्या पावसात थेट कामी येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद थोडा वाकवावा लागतो. हलकी आणि स्वस्त गाडी सुरक्षित आहे का? ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतीय स्विफ्टला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले, आणि २०२२ मध्ये अधिक कडक निकषांवर फक्त एक. ट्रॅकवर समोरून गाडी येत नाही, आडवी म्हैस येत नाही, कडेला खडी आणि टायरांच्या भिंती असतात, हे सगळे खरे. हलक्या गाडीच्या अंगात जिरवायची ऊर्जाही कमी असते. पण हीच गाडी साडेअकराशे किलोमीटर महामार्गावरून जाणार आहे हे मीच वर सांगितले, आणि ती अट इथे माझ्याच विरुद्ध उभी राहते. तेव्हा हलकेपणाला खालची मर्यादा असायला हवी. एबीएस आणि एअरबॅग नसलेली जुनी गाडी केवळ हलकी म्हणून घेऊ नये. २०१४ मध्ये दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले होते, २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच. कुणी शंभर-दीडशे किलो जास्त पत्करून यांपैकी एखादी साधी, बिनटर्बो गाडी घेतली तर तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेला असे मी मानणार नाही. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सर्व मॉडेलांना सहा एअरबॅग आणि ईएसपी आहे, वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे, आणि बाजारात येताना तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ६.४९ लाख होती. सुरक्षेसाठी वाढलेले किलो हे आलिशानपणासाठी वाढलेल्या किलोंसारखे नसतात. सनरूफ, चामड्याची आसने आणि सतरा-अठरा इंची अलॉय यांच्यावर काट मारावी. एअरबॅगवर मारू नये.

शेवटचा आक्षेप असा की एवढे करण्यापेक्षा कार्टिंगला जावे, किंवा ट्रॅकवर मिळणारी तयार गाडी भाड्याने घ्यावी. सुरुवात म्हणून हा सल्ला उत्तम आहे, आणि गाडी घेण्याआधी प्रत्येकाने तो मानावा. कार्टमध्ये रेषा, नजर आणि संयम यांचे पहिले धडे स्वस्तात मिळतात. पण कार्टला एबीएस नाही, डोलणारे सस्पेन्शन नाही, हजार किलोंची झुकणारी काया नाही. आपल्या गाडीचा एबीएस पायाखाली धडधडायला लागला तर पाय उचलायचा नाही, ही गोष्ट आयुष्यात एकदाही अनुभवली नसलेले हजारो लोक रोज रस्त्यावर असतात. ती अनुभवायला सुरक्षित जागा ट्रॅक हीच. घाटात जाऊन ती अनुभवणे हा गुन्हा होऊ शकतो आणि अपघातही. भाड्याच्या गाडीत शिकलेले त्या गाडीचे असते. आपल्या गाडीत शिकलेले आपल्याबरोबर घरी येते.

निवड ठरली की पुढचे शहाणपण खर्च न करण्यात आहे. सेकंड हँड गाडी घेत असाल तर टॉप एंड मॉडेलपेक्षा सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात, इंजिनाखाली तेल झिरपते का ते पाहावे, आणि पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा जास्त झिजल्या असतील तर कारण विचारावे. पैसे घालायचे ते या क्रमाने: ताजे ब्रेक ऑइल, जास्त उष्णता सोसणारे पॅड, चांगले टायर, अलाइनमेंट, आणि उरलेले ट्रॅकच्या शुल्कासाठी. रुंद टायर, मोठा सायलेन्सर, बॉनेटवरचे पट्टे यांची पाळी नंतर येते, आणि बहुधा येऊच नये. ट्रॅकवर पोचल्यावर डिकीतली स्टेपनी, जॅक आणि चालकाच्या पायाखालचे मॅट काढून ठेवायचे. पाण्याची बाटली गाडीत राहू द्यायची नाही, कारण ब्रेक दाबला की ती आसनाखालून घरंगळत पेडलखाली येते. डॅशबोर्डवरचा गणपती दोन्ही हातांनी अलगद उचलून पिशवीत ठेवायचा. इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ असावे, कारण लांब वळणात ते चेंबरच्या एका बाजूला चढते. प्रत्येक पाळीनंतर एक लॅप ब्रेक न दाबता संथ काढायचा, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला दगड लावायचा. तापलेले ब्रेक आवळून ठेवले की डिस्कवर पॅडचा थर चिकटतो किंवा ड्रममध्ये शू अडकून बसतो. संध्याकाळी टायरची हवा पुन्हा महामार्गाच्या आकड्यावर आणायची, स्टेपनी डिकीत, गणपती जागेवर.

या सगळ्या हिशेबातून एकच नाव निघावे असा माझा आग्रह नाही. कुणासाठी ती जुनी स्विफ्ट असेल, कुणासाठी सांभाळलेली पोलो, कुणासाठी नवी, सहा एअरबॅगवाली हॅचबॅक. वजन हजार किलोच्या आसपास, सुटे भाग सगळीकडे मिळणारे, ब्रेक साध्या उपायांनी टिकणारे आणि आरसी बुकाशी तंतोतंत जुळणारी, एवढ्या अटी पाळल्या की नाव दुय्यम होते. दावणीला दोन जोड्या बांधण्याची ऐपत ज्यांना आहे त्यांना हा विचार लागत नाही. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याने मात्र बयाणा देण्याआधी एक कागद घ्यावा, त्यावर गाडीची पूर्ण किंमत लिहावी आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने काट मारून बघावी, कारण विमा ती भरून देणार नाही. काट मारताना हात अडखळला तर ती गाडी कितीही वेगवान असली तरी तिचा मालक पहिल्या वळणापासून ती जपत चालवील, आणि जपून चालवलेल्या गाडीत ट्रॅकवर शिकण्यासारखे फार थोडे उरते.